एका गुंडीचे गिऱ्हाईक

चिपळूणच्या बाजारात आमचे दहा बाय बारा फुटांचे दुकान आहे. पाटीवर अजून सासऱ्यांच्या वेळचीच अक्षरे आहेत : ‘लोकर, दोरे व शिवणसाहित्य’. सासऱ्यांना आम्ही बाबा म्हणायचो. कोकणात लोकर विकायची म्हणजे वाळवंटात छत्र्या विकण्यासारखे, असे त्यांचे मित्र चेष्टेने म्हणत. इथे थंडी पडते ती मोजून तीन-चार आठवडे, तीही पहाटे. तरी बाबांनी दुकान चालवले. बाळंतिणीच्या घरी कुंची-मोजे लागतात, पुण्या-मुंबईला शिकणाऱ्या मुलांना स्वेटर लागतो, लंडनला दिलेल्या लेकीला आईच्या हातची शाल हवी असते, एवढ्यावर. बाबांचा इंतकाल झाल्यावर दीर आणि नवरे आपापल्या नोकरीधंद्यात होते, म्हणून गल्ल्यावर आम्ही दोघी जावा बसलो. हा लेखही आम्ही दोघींनी मिळून लिहिला आहे. एकीला आठवते ते दुसरी विसरलेली असते, त्यामुळे बरे पडले.

आम्हाला सांगायचे आहे ते आमच्याच एका चुकीबद्दल आणि ती सुधारता सुधारता काय शिकलो त्याबद्दल. ज्या घरांत क्रोशा चालतो त्या भगिनींना यातले बरेच ओळखीचे वाटेल, आणि ज्यांची अशी दुकाने आहेत त्यांना कदाचित थोडे टोचेल.

आमच्या सासूबाई दोन सुयांवरच्या विणकामात तरबेज. त्यामुळे आमच्या घरात आणि दुकानात एक उतरंड आपोआप तयार झाली होती. स्वेटर विणणारी बाई म्हणजे कलावंत, आणि क्रोशा करणारी म्हणजे फावल्या वेळात रुमाल करणारी. दर्शनी कपाटात काचेमागे लोकरीच्या गुंड्या रंगवार लावलेल्या असत. क्रोशाचा सुती दोरा खाली, पत्र्याच्या डब्यात. त्यात वीस नंबर, चाळीस नंबर सगळे एकत्र. सुयांचाही असाच हिशेब. विणकामाच्या सुया जोडीने, आकाराने लावलेल्या. क्रोशाच्या सुया एका जुन्या बिस्किटाच्या डब्यात.

खरे सांगायचे तर क्रोशावाल्या बायकांचा आम्हाला थोडा वैताग यायचा. स्वेटरवाली येते, पाचशे ग्रॅम लोकर घेते, पैसे देते, जाते. क्रोशावाली एक गुंडी घेते. पण त्या एका गुंडीसाठी दहा काढायला लावते, दारात नेऊन उन्हात धरते, दोन बोटांत दोरा चोळून बघते, पीळ उलगडतो का ते पाहते आणि मग विचारते, “हीच, पण जरा मोतिया रंगात नाही का?” आम्ही एकमेकींकडे बघायचो. ते बघणे समोरच्या बाईला दिसत असणार, हे आम्हाला फार उशिरा कळले.

एक दिवस खाडीपलीकडच्या गावातून एक वयस्कर खाला आल्या. एसटीने आलेल्या, हातात कापडी पिशवी, घामाघूम. त्यांना 0.75 ची सुई हवी होती. आम्ही बिस्किटाचा डबा त्यांच्यापुढे सरकवला आणि म्हणालो, “यातली कुठलीही घ्या खाला, सुई ती सुई.” त्यांनी डब्यात पाहिले, एकही सुई उचलली नाही. “सुई ती सुई नसते बेटा,” एवढेच म्हणाल्या आणि उठल्या. बसायला त्यांना आम्ही काही दिलेले नव्हते, त्यामुळे ‘उठल्या’ हे खरे तर चुकीचे आहे. उभ्या होत्या, वळल्या आणि गेल्या. नंतर त्यांच्या भाचीकडून कळले की खाला साठ नंबरच्या दोऱ्याच्या टोप्या करतात, त्यांच्या हाताखाली गावातल्या पाच-सहा मुली शिकल्या आणि त्या सगळ्यांचा दोरा वर्षानुवर्षे मुंबईहून येतो. आमचे दुकान त्यांच्या घरापासून एका एसटीच्या अंतरावर असताना!

त्या रात्री आम्ही बाबांची जुनी वही काढून बसलो. एक गुंडी ही छोटी विक्री असते हे खरे. पण स्वेटरवाली एकदा आली की तीन-तीन वर्षे फिरकत नाही. क्रोशावाली दर आठवड्या-पंधरवड्याला येते, उन्हाळा-पावसाळा काही असो. रजबपासून रमजानपर्यंत टोप्यांसाठी येते, लग्नसराईत दुपट्ट्याच्या लेससाठी आणि ताटावरच्या रुमालांसाठी येते. आमच्या हिंदू शेजारणी रुखवतासाठी आणि तोरणांसाठी येतात. शिवाय एकाच आकाराचे कापड करायला दोन सुयांच्या विणकामापेक्षा क्रोशाला दोरा जास्तच लागतो, कारण प्रत्येक टाक्यात दोरा स्वतःभोवती वेढे घेतो. थोडक्यात, ज्यांच्या जिवावर दुकान चालत होते त्यांनाच आम्ही उभे ठेवत होतो.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती आम्हालाही उशिरा समजली. दोन सुयांच्या विणकामाची यंत्रे केव्हाच निघाली. बाजारातले बहुतेक स्वेटर त्यांच्यावरच होतात. पण हाताच्या क्रोशाची हुबेहूब नक्कल करणारे यंत्र कारखान्यांतून चालत नाही. बाजारात ‘क्रोशा’ म्हणून जी स्वस्त जाळी मिळते ती यंत्रावर विणलेली वेगळ्या जातीची जाळी असते. उलटी करून टाके निरखले की कळते. म्हणजे खरी क्रोशाची टोपी, मग ती आपल्या कोकणातली असो, बोहरा मंडळींची पांढऱ्या-सोनेरी दोऱ्याची असो की तुर्कस्तानातून कुणी आणलेली असो, कुणाच्या तरी बोटांतून टाका टाका करत निघालेली असते. तरीही तिचा भाव ‘फावल्या वेळचे काम’ म्हणून ठरतो.

हे आपल्याकडेच घडते असे नाही. आंध्रात गोदावरीच्या मुखाजवळ नरसापूर म्हणून गाव आहे. एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती मिशनरींनी तिथल्या बायकांना क्रोशाची लेस शिकवली आणि पुढे ती लेस परदेशी जाऊ लागली. मारिया मीस या जर्मन अभ्यासक बाईंनी 1982 साली या लेस करणाऱ्या बायकांवर पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : या बायका दिवसाचे कितीतरी तास राबतात, माल परदेशात विकला जातो, पण त्यांना ‘घरी बसलेल्या गृहिणी’ म्हटले जाते आणि त्या एका शब्दामुळे मजुरी तळाला राहते. 2024 मध्ये नरसापूरच्या लेसला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याआधी आयर्लंडमध्ये 1845 नंतर बटाट्याचे पीक सडून दुष्काळ पडला, तेव्हा कॉन्व्हेंटमधल्या नन्सनी मुलींना क्रोशा शिकवला आणि त्या लेसवर कित्येक घरांत भाकरी शिजली. ‘फावल्या वेळचे काम’ म्हणणाऱ्यांनी (आम्हीही त्यातल्याच) हे लक्षात ठेवलेले बरे.

तर आम्ही बदल करायला घेतले. सुरुवात अगदी क्षुल्लक गोष्टीने झाली. बिस्किटाचा डबा रिकामा केला. सुयांवरचे नंबर भिंगाखाली वाचले. तेव्हा कळले की पोलादी सुयांच्या नंबरांचा घोळ आहे. नंबर वाढला की सुई बारीक होते, आणि एका कंपनीचा नंबर दुसरीशी जुळेलच असे नाही. भरवसा फक्त मिलिमीटरचा. म्हणून 0.60 पासून 3.50 पर्यंत पोलादी आणि त्यापुढे अॅल्युमिनियमच्या सुया मिलिमीटरप्रमाणे लावल्या. प्रत्येक मापाची एक सुई सुतळीने गल्ल्याला बांधून ठेवली आणि शेजारी उघडी गुंडी. बसा, चार साखळ्या काढा, हाताला बसते का बघा, मग घ्या. सुई कशी धरायची यावरही आम्ही बोलणे सोडून दिले. कुणी पेन्सिलसारखी धरते, कुणी सुरीसारखी. आमच्या सासूबाईंना सुरीसारखी धरलेली बघवत नाही. त्या तेव्हा तोंड फिरवून बसतात.

दोऱ्याचे तसेच. दोऱ्याचा नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक, हे नव्या मुलींना माहीत नसते आणि विचारायची लाज वाटते. आम्ही एका पुठ्ठ्यावर दहा, वीस, चाळीस, साठ असे दोरे गुंडाळून खाली लिहिले आणि प्रत्येकाशेजारी त्याच दोऱ्याचा दोन इंचाचा विणलेला चौकोन टाचला. हे चौकोन आम्ही केले नाहीत. आम्हाला तेव्हा येतच नव्हते. गिऱ्हाइकांनी करून दिले. पिवळा बल्ब काढून पांढरी ट्यूब लावली, म्हणजे मोतिया आणि पांढरा यातला फरक दारात न जाता कळावा. तरीही निम्म्या बायका दारात जातातच, आणि त्यांचे बरोबर असते. उन्हासारखा उजेड नाही.

लॉट नंबरचे महत्त्व आम्हाला एका रडवेल्या मुलीने शिकवले. तिने निकाहच्या दुपट्ट्याला लेस लावायला घेतली होती. गुंडी संपली, दुसरी नेली, कागदावरचा रंगाचा नंबर तोच. पण लॉट वेगळा होता. दुपट्टा पसरल्यावर मध्येच एका वीतभर जागेत गुलाबी जरा करपल्यासारखा दिसला. लग्न चार दिवसांवर. तेव्हापासून कुणी मोठे काम घेतले की आम्ही वहीत तिचे नाव, रंग आणि लॉट लिहितो आणि त्याच लॉटच्या दोन गुंड्या महिनाभर बाजूला ठेवतो. नको झाल्या तर कपाटात परत. न उघडलेली गुंडी परत घेतो. यात आमचे काहीही जात नाही आणि तरी वर्षानुवर्षे आम्ही ‘माल परत घेतला जाणार नाही’ अशी पाटी लावून बसलो होतो.

आणि बाकडे. साधे लाकडी, तिघींना पुरेल असे, वर पंखा, शेजारी पाण्याचा माठ. घरात यावरून वाद झाला. त्या जागेत तयार लेसच्या रिळांचा एक अख्खा स्टँड मावला असता, असे आमच्यातल्या थोरलीच्या नवऱ्याचे म्हणणे होते आणि हिशेबाने ते चूक नव्हते. पण बाजारात बाईमाणसाला बसायला जागा कुठे असते? मर्द चहाच्या टपरीवर बसतात, पारावर बसतात. बाई बाजारात उभी असते किंवा चालत असते. दुपारी जोहरनंतर असरपर्यंत बाजार थंड असतो. त्या वेळात बाकड्यावर बसून कुणी दोन ओळी घालते, कुणी चुकलेले उसवते, कुणी नुसतीच पंख्याखाली बसते. असरची अजान झाली की पिशव्या उचलून सगळ्या निघतात.

एवढ्यात सगळे सुरळीत झाले असे मात्र समजू नका. पैसे घेऊन रविवारी क्लास काढला, तो तीन आठवड्यांत बंद पडला. बाकड्यावर फुकट शिकता येत असताना क्लासला कोण येणार? एकदा दोघींचे नक्षीवरून इतके बिनसले की वर्षभर एकीची सावली दुसरीला चालेना. दोघी येतात, पण वेगवेगळ्या वारी. उधारीचा प्रश्न आहेच. ओळख वाढली की उधारी वाढते, आणि बाकड्यावर बसलेल्या बाईला सगळ्यांसमोर पैसे मागता येत नाहीत.

मग 2021 चा पूर आला. 21 जुलैला बकरीद झाली. दुकान बंद होते, घरात पाहुणे होते. दुसऱ्या दिवशी, 22 जुलैला, वाशिष्ठीचे पाणी शहरात शिरले आणि बाजारपेठ बुडाली. त्या दिवसांबद्दल चिपळूणच्या माणसाला काही सांगायला नको आणि बाहेरच्याला सांगून कळणार नाही. पाणी ओसरल्यावर शटर वर केले तेव्हा आतून चिखलाचा लोंढा पायावर आला. काचेमागची लोकर चिखल पिऊन दगडासारखी जड झालेली. आम्ही दोघी पायरीवर बसून राहिलो.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी बाकड्यावरच्या बायका आल्या. ज्यांची स्वतःची घरे कोरडी राहिली होती त्या, आणि एक-दोघी अशाही की ज्यांच्या घरातला चिखल अजून निघालेला नव्हता. त्यांनी सुती दोऱ्याच्या गुंड्या टोपल्यांत भरल्या, घरी नेल्या, उलगडून लड्या केल्या, विहिरीच्या पाण्यात पुन्हा पुन्हा धुतल्या, वळचणीला दोऱ्या बांधून सुकवल्या. पावसाळ्यात सुकवणे म्हणजे काय, ते कोकणात राहणाऱ्याला विचारा. चांगल्या सुती दोऱ्याचा रंग पक्का असतो. फिक्या रंगांना मातीची छटा राहिली, पण गडद रंग जवळपास जसेच्या तसे निघाले. कागद मात्र सगळे गळून गेले होते. कुठला दोरा किती नंबरचा, ते समजायला काही मार्ग नव्हता.

तेव्हा आम्ही पाहिले ते विसरणार नाही. त्याच बायका लडीतला दोरा दोन बोटांत धरत, डोळे मिटून चोळत आणि सांगत, “हा चाळीस. हा वीस. हा वीस दिसतो, पण दुसऱ्या कंपनीचा, पीळ सैल आहे.” पूर्वी याच चोळण्याचा आम्हाला वैताग यायचा. त्या लड्या आम्ही ‘पुराचा दोरा’ म्हणून निम्म्या भावात विकल्या, लपवून नव्हे, सांगून. मातकट छटेचा पांढरा सगळ्यांत आधी संपला. त्याच्या टोप्यांना जुन्या हस्तिदंतासारखा रंग येतो म्हणे.

त्यानंतर शिकायची पाळी आमची होती. बाकड्यावरच आम्ही सुई धरली. टोपी कशी होते हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मधल्या कड्यापासून सुरुवात करायची आणि गोल गोल जात प्रत्येक फेरीत टाके वाढवत तबकडी करायची. तबकडी किती मोठी करायची याचा हिशेब आमच्या बायका भाकरीच्या तव्यावर ठरवतात, पण शाळेतले गणितही तेच सांगते. डोक्याचा घेर 56 सेंटिमीटर असेल तर त्याला 3.14 ने भागायचे. साडेसतरा-अठरा सेंटिमीटरची तबकडी झाली की वाढ थांबवायची आणि सरळ खाली उतरायचे. वाढ लवकर थांबली तर टोपी टाळूवर वाटीसारखी बसते, उशिरा थांबली तर कानावर येते. पुरी झाली की धुऊन साबुदाण्याच्या पातळ खळीत बुडवायची आणि योग्य मापाच्या उपड्या पातेल्यावर वाळवायची. प्रत्येक टोपीकरणीच्या घरात असे एक पातेले असते आणि त्यात कुणाला दूध तापवू देत नाहीत.

टाक्यांच्या नावांचाही एक घोळ आहे. नानी-दादीच्या मराठीत नावे सोपी आहेत : साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब. आजच्या मुली मोबाइलवर बघून शिकतात आणि तिथे इंग्रजी नावे असतात. त्यातही ब्रिटिश आणि अमेरिकी नावे वेगळी. अमेरिकी पद्धतीत जो सिंगल क्रोशे तो ब्रिटिश पद्धतीत डबल क्रोशे. म्हणजे आपला मुका खांब. अमेरिकी डबल म्हणजे आपला खांब. आमच्याकडे येणाऱ्या कॉलेजातल्या एका मुलीने आईच्या जुन्या ब्रिटिश पुस्तकातली टोपी अमेरिकी व्हिडिओ बघून केली. प्रत्येक मुक्या खांबाच्या जागी खांब. भावाच्या डोक्यावर घातली तर नाकापर्यंत आली! आम्ही भिंतीवर मोठा तक्ता लावला आहे : मराठी नाव, दोन्ही इंग्रजी नावे आणि नकाशातली खूण. खुणा जगभर जवळपास सारख्याच असतात, त्यामुळे ज्या खालांना इंग्रजी येत नाही त्या जपानी पुस्तकातला नकाशाही सहज वाचतात आणि कॉलेजच्या मुली त्यांना विचारत बसतात.

या मुलींना मात्र टोप्या-रुमालांत फारसा रस नाही. त्यांना जाड मऊ सूत हवे असते. त्या कळ्या, गुलाबांचे गुच्छ, किल्ल्यांची लटकणे, मोबाइलच्या पिशव्या करतात. बाहुल्याही करतात. त्यावरून काही घरांत नाराजी आहे, डोळे-नाक असलेली बाहुली घरात नको म्हणून. आम्ही काही फतवा देणाऱ्या नव्हे, सूत विकतो. एका मुलीने त्यावर तोड काढली. ती आता फक्त स्ट्रॉबेरी आणि निवडुंग करते आणि बाहुल्यांपेक्षा तेच जास्त खपतात. एक मुलगाही येतो. आईला पक्षाघात झाल्यावर तिची अर्धी राहिलेली चादर पुरी करायला शिकला. पहिल्यांदा बाकड्यावर बसायला लाजला, म्हणून आम्ही त्याला गल्ल्याच्या आत स्टूल दिले. आता तो अननसाची नक्षी घालतो. ती त्याला शिकवली पलीकडच्या आळीतल्या एका काकूंनी, ज्यांच्या नातीच्या रुखवतात ती चादर मांडायची होती. चादर कुणाच्या घरी गेली ते विचारू नका, दोघांच्याही घरी एकेक आहे.

2016 च्या जानेवारीत चेन्नईला क्रोशा करणाऱ्या बायकांनी ठिकठिकाणी विणलेले तुकडे जोडून 11,148 चौरस मीटरची गोधडी केली आणि गिनेसच्या बुकात नाव घातले. आमच्या मुलींनी हे मोबाइलवर दाखवल्यापासून बाकड्यावर ‘आपणही काहीतरी’ चालू आहे. अजून चार चौकोन झालेत.

आता पैशाचे बोलतो, कारण खरा प्रश्न तिथे आहे. दुकान आपुलकीचे केले, बसायला बाकडे दिले, पण बाईच्या हातचे काम कवडीमोलाने गेले तर त्या बाकड्याला काय अर्थ?

मागच्याच्या मागच्या रमजानला बाहेरगावच्या एका व्यापाऱ्याने आमच्याकडे तीन डझन टोप्यांची मागणी केली. आम्ही बायकांना दोरा दिला आणि टोपीमागे 180 रुपये मजुरी ठरवली. साध्या नक्षीच्या मोठ्या टोपीला आठ तास तरी जातात. म्हणजे तासाला बावीस-तेवीस रुपये. एवढ्यावर आम्ही स्वतःला फार उदार समजत होतो. व्यापाऱ्याने एक डझन नेल्या आणि उरलेल्यांना नकार दिला. यंत्रावरच्या जाळीच्या टोप्या पन्नास रुपयांना मिळत असताना या कोण घेणार, म्हणाला. चोवीस टोप्या आमच्या अंगावर. लिहून काही घेतलेले नव्हते.

आमच्यातल्या थोरलीचे म्हणणे पडले की बायकांना परिस्थिती सांगू, टोपीमागे 120 घ्या म्हणू. त्या घेतील, नाही म्हणणार नाहीत. धाकटी म्हणाली, नाही म्हणणार नाहीत म्हणूनच तसे विचारायचे नाही. रात्री उशिरापर्यंत बोलणे चालले, आवाज चढले, सासूबाई उठून आल्या. त्या विणकामाच्या बाजूच्या, क्रोशावाल्यांची त्यांना कधीच फार पत्रास नव्हती. त्यांनी एवढेच विचारले की सूरह नहलमध्ये घट्ट कातलेले सूत आपल्या हाताने उसवून टाकणाऱ्या बाईचा दाखला आहे, तो कशाबद्दल आहे ते आठवते का? दोघींनाही आठवत होते. तो वायदा करून मोडणाऱ्यांबद्दल आहे. मग बोलण्यासारखे काही उरले नाही. चोवीस टोप्यांचे 4,320 रुपये आम्ही ईदच्या दोन दिवस आधी चुकते केले. त्या टोप्या एक-एक करून 300 रुपयांना विकायला पुढचे जवळजवळ वर्ष गेले. तीन अजून आहेत.

त्यानंतर नियम केला. मागणी घेतली की अर्धे पैसे आगाऊ आणि भाव कागदावर, व्यापाऱ्याशी आणि बायकांशीही. टोपीला एक चिठ्ठी बांधतो : किती नंबरचा दोरा, किती तास लागले. करणारीची इच्छा असेल तर तिच्या गावाचे नाव. तिचे स्वतःचे नाव बहुतेकींना नको असते आणि आम्ही आग्रह करत नाही. ‘आठ तास’ हे वाचल्यावर गिऱ्हाइकाची घासाघीस निम्म्याने कमी होते, हा आमचा अनुभव. जे तरीही घासाघीस करतात त्यांना आम्ही सुतळीला बांधलेली सुई देतो आणि एक फेरी घालून बघा म्हणतो. मर्द मंडळी हसून पैसे देतात. मजुरी आता 220 केली आहे. ती पुरेशी नाही हे आम्हाला माहीत आहे. बाजार त्यापुढे जाऊ देत नाही आणि त्या बाजारात आम्हीही आहोत.

ज्या भगिनी घरी बसून काम करतात त्यांना एक विनंती आहे. पुढच्या वेळी टोपी किंवा रुमाल हाती घ्याल तेव्हा घड्याळ बघून बसा आणि उठताना बघा. एका वहीत मांडा. आमच्याकडच्या एका बाईने असे केले तेव्हा तिला कळले की ज्या ताटाच्या रुमालाचे ती शंभर रुपये घेत होती त्याला अकरा तास जात होते. तिने रुमाल करणे बंद केले आणि लेस करायला लागली, जी वारावर जाते आणि जिचा हिशेब सोपा आहे.

राहिल्या त्या खाला. 0.75 च्या सुईवाल्या. त्या परत दुकानात आल्या नाहीत. गुडघे दुखतात, एसटी सोसत नाही, असे भाची सांगते. आम्हाला ते अर्धेच खरे वाटते. आम्ही भाचीच्या हाती सलाम आणि 0.75 ची सुई पाठवली, साठ नंबरच्या पांढऱ्या दोऱ्याच्या दोन गुंड्यांसह, पैसे न घेता. आठ दिवसांनी भाची आली. एका गुंडीचे पैसे तिने गल्ल्यावर ठेवले. दुसरी गुंडी परत दिली, लॉट वेगळा आहे म्हणून. आम्ही कागद पाहिले, खरेच वेगळा होता. सुई मात्र खालांनी ठेवून घेतली आहे.